मुक्कामावर पोहोचल्यानंतरचे निर्णय : वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीत काय, केव्हा आणि कसे ठरवावे

छत्रपती संभाजीनगरला जाणारे कुटुंब घरी बसून साधारणपणे तीनच गोष्टी पक्क्या करते: तारीख, रेल्वेचे किंवा बसचे आरक्षण आणि राहण्याची जागा. कोणती लेणी आधी पाहायची, गाडी दिवसभरासाठी घ्यायची की एसटीने जायचे, दौलताबाद चढायचा की खालूनच परतायचे, जेवायला कुठे थांबायचे आणि पैठणी कोणत्या दुकानात घ्यायची, हे बहुतेक सगळे तिथे पोहोचल्यावर ठरते. तेही बऱ्याचदा बसस्थानकाबाहेर रिक्षावाल्यांच्या गराड्यात, नाहीतर भर उन्हात भूक लागलेली असताना. घरी आठवडाभर विचार करून घेतलेल्या निर्णयांपेक्षा या घाईच्या निर्णयांवरच सहलीचे बरेवाईट अधिक अवलंबून असते. म्हणून असे निर्णय कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वेळी घ्यावेत, याचा विचार येथे वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीच्या आधाराने केला आहे.

अर्थशास्त्राचे नोबेल १९७८ मध्ये मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी माणसाच्या निर्णयप्रक्रियेविषयी मांडलेला एक विचार पर्यटकाला फार उपयोगी पडतो. वेळ, माहिती आणि विचार करण्याची ताकद मर्यादित असल्यामुळे माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. आपल्या किमान अपेक्षा पूर्ण करणारा पहिला पर्याय तो स्वीकारतो. परक्या गावात ही मर्यादा अधिकच जाणवते, त्यामुळे सगळ्यात चांगले हॉटेल किंवा सगळ्यात चांगला गाइड शोधण्यात सकाळ घालवू नये. आपल्याला किमान काय हवे आहे, हे मात्र आधी स्पष्ट असावे, कारण ते स्पष्ट नसले की समोर येईल तो पहिला पर्याय पुरेसा वाटू लागतो आणि तो समोर आणणारा माणूस बहुधा विक्रेता असतो.

सर्वप्रथम वार पाहावा

या सहलीत काही गोष्टी आपल्या इच्छेवर अवलंबून नसतात, आणि त्यांतली पहिली म्हणजे साप्ताहिक सुट्टी. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात. एवढी साधी गोष्ट न तपासताच निघून येणारे लोक दर आठवड्याला असतात, कारण दोन्ही ठिकाणांची नावे एका दमात घेतली जातात आणि त्यांचे नियमही एकच असतील असे गृहीत धरले जाते. रविवारी संध्याकाळी पोहोचणाऱ्याने सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करावा. त्याला दुसरा पर्यायच नाही. सोमवारी रात्री पोहोचणाऱ्याने मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ असा क्रम ठेवावा. ज्याच्या हाती फक्त एक दिवस आहे आणि तो दिवस सोमवार किंवा मंगळवार आहे, त्याचा निर्णय दिनदर्शिकेनेच केलेला असतो.

वाराबरोबर तिथीही पाहावी. वेरूळ लेण्यांपासून जेमतेम एक किलोमीटरवर घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे दर्शनाची मोठी रांग लागते, आणि सोमवारी अजिंठा बंद असल्याने लेणी पाहणाऱ्यांची गर्दीही त्याच रस्त्यावर येते. श्रावणात जाणाऱ्याला सोमवार टाळता येत असेल तर त्याने तो अवश्य टाळावा. दौलताबादचा किल्ला आणि शहरातील बीबी का मकबरा यांना लेण्यांसारखी साप्ताहिक सुट्टी नसल्यामुळे ती दोन ठिकाणे कोणत्याही दिवसाच्या फटीत बसवता येतात. म्हणून त्यांचा विचार सगळ्यांत शेवटी करावा.

आदल्या संध्याकाळी काय पक्के करावे

उद्याचे निर्णय आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी घ्यावेत. त्या वेळी भूक आणि थकवा आटोक्यात असतो, दुकाने आणि गाड्यांची कार्यालये उघडी असतात आणि कोणाला फोन करायचा असेल तर तो करता येतो. निघण्याची वेळ, वाहन आणि पहिले ठिकाण एवढेच पक्के करावे. पुरातत्त्व खात्याची तिकिटे ऑनलाइन काढता येतात, तीही याच वेळी काढून मोबाइलमध्ये जतन करावीत, कारण सकाळी फाटकाशी उभे राहून क्यूआर कोड स्कॅन करताना नेटवर्क गेले की रांग आणि स्वभाव दोन्ही बिघडतात. पंधरा वर्षांखालील मुलांना या स्मारकांत तिकीट लागत नाही.

दुपारनंतरचा कार्यक्रम मात्र मोकळा ठेवावा. पूर्ण दिवसाचे तासवार वेळापत्रक करणाऱ्या पर्यटकाला पहिल्याच ठिकाणी अर्धा तास उशीर झाला, की उरलेला दिवस तो घड्याळाशी भांडण्यात काढतो. त्याऐवजी दुपारसाठी एक मुख्य आणि एक सोपा पर्याय मनात ठेवावा. अजिंठ्याहून परतल्यावर अंगात त्राण असेल तर मकबरा, नसेल तर हॉटेलवर विश्रांती, एवढे ठरलेले असले की पुरते.

वाहन : भाड्याचे गणित आणि त्यातील सापळा

शहरापासून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आणि अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. वेरूळ आणि दौलताबाद एकाच रस्त्यावर आहेत, अजिंठा मात्र सिल्लोडमार्गे जळगावच्या रस्त्यावर आहे. म्हणजे ही दोन टोके आहेत, आणि दोन्ही लेणी एकाच दिवसात उरकण्याचा प्रस्ताव कोणी कितीही उत्साहाने मांडला तरी तो नाकारावा. त्यात पाहणे कमी आणि गाडीत बसणे जास्त होते.

खासगी गाडी ठरवताना एकूण रक्कम विचारून थांबू नये. ती कशी काढली आहे हे विचारावे. स्थानिक फेरीसाठी आठ तास आणि ऐंशी किलोमीटर असा हिशेब सर्रास सांगितला जातो, तर बाहेरगावासाठी दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटरचे पैसे, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग वेगळे असे सांगितले जाते. वेरूळच्या दिवशी किलोमीटर हिशेबात राहतात पण तास वाढतात, म्हणून त्या दिवशी जादा तासाचा दर आधी विचारावा. अजिंठ्याच्या दिवशी जाऊन-येऊन दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर होतात आणि पैसे मात्र अडीचशे-तीनशेचे द्यावे लागतात. येथेच सापळा आहे. उरलेल्या किलोमीटरचे पैसे दिलेच आहेत, तर वाटेत आणखी काहीतरी पाहून घेऊ, असा विचार परतीच्या वाटेवर हमखास डोके वर काढतो. दिलेले पैसे आता परत येणार नाहीत, त्यामुळे पुढचे ठिकाण पाहण्याची इच्छा आहे का आणि पाय साथ देतील का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

एसटीचा पर्याय अनेक कुटुंबे उगाच बाद करतात. मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे आणि जळगावच्या बाजूला बस जातात. जळगावकडे जाणारी बस अजिंठा लेण्यांच्या फाट्यावर सोडते. पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. आजी, आई आणि मुलगी अशा तिघी प्रवास करत असतील तर भाड्यातील फरक मोठा पडतो. मात्र परतीची बस किती वाजता आणि कुठून मिळेल हे जातानाच वाहकाला विचारून ठेवावे. चार-पाच जणांचा गट असेल, किंवा लहान मूल आणि गुडघेदुखी असे दोन्ही बरोबर असेल, तर गाडीच परवडते असे माझे मत आहे.

वेरूळच्या दिवसाचा क्रम

वेरूळमध्ये चौतीस लेणी क्रमांकित आहेत: पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि तीस ते चौतीस जैन. फाटकातून आत गेल्यावर समोरच सोळावे लेणे, म्हणजे कैलास आहे, आणि पहिला निर्णय तिथेच घ्यावा लागतो. बहुतेक लोक थेट कैलासात शिरतात, तिथे दीड-दोन तास घालवतात आणि मग दमून क्रमांक एककडे वळतात. त्यामुळे जैन लेणी बहुतेकांची राहून जातात, कारण ती कैलासापासून दीडएक किलोमीटरवर आहेत आणि उन्हात तेवढे चालण्याची कोणाची तयारी उरलेली नसते.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी त्यांच्या दर्शनी भागावर सावली असते, म्हणून हिंडायला थंडावा मिळतो. दुपारनंतर ऊन समोरून येते आणि कोरीवकाम उजळते, म्हणून पाहायला आणि छायाचित्रांना तो वेळ चांगला. उन्हाळ्यात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, थंडावा महत्त्वाचा मानून सकाळीच लेणी पाहावीत. हिवाळ्यात उलट क्रम मला अधिक योग्य वाटतो: किल्ला उघडण्याच्या वेळी दौलताबाद गाठावा, अकरा-साडेअकरापर्यंत उतरून यावे, घृष्णेश्वराचे दर्शन आणि जेवण उरकावे आणि मग दुपारपासून सूर्य मावळेपर्यंतचा वेळ लेण्यांना द्यावा. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जायचे असल्यास पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो, हे बरोबरच्या मंडळींना आधीच सांगितलेले बरे.

दौलताबाद चढायचा की नाही, हा निर्णय पायथ्याशी उभे राहून सगळ्या गटाने एकत्र घेऊ नये. वर जाण्यासाठी शेकडो पायऱ्या आहेत, मध्ये अंधारी नावाचा काळोखा वळणावळणाचा मार्ग आहे आणि तिथे वटवाघळांचा वास येतो. ज्यांना चढायचे नाही त्यांना खालचा चांद मिनार, भारतमाता मंदिर आणि तटबंदीचा भाग निवांत पाहता येतो आणि किल्ल्याच्या रचनेची चांगली कल्पना येते. म्हणून गट दोन भागांत विभागावा, भेटण्याची वेळ आणि जागा ठरवावी आणि एकाने दुसऱ्यासाठी मन मारू नये.

लेण्यांसाठी तीन तास असतील तर कैलासाला सव्वा तास द्यावा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली कोरत आणलेले हे मंदिर अंगणातून पाहून पूर्ण होत नाही. बाजूच्या टेकडीवरची वाट खुली असेल तर वरूनही पाहावे, कारण खडक किती काढून टाकला आहे याचा अंदाज तिथूनच येतो. त्यानंतर दहावे लेणे, ज्याला स्थानिक लोक सुताराची झोपडी म्हणतात, आणि बारावे तीनमजली लेणे पाहावे. मग वाहनाची सोय करून बत्तिसाव्या जैन लेण्याकडे, म्हणजे इंद्रसभेकडे जावे. वेळ उरल्यास एकविसावे आणि एकोणतिसावे. पहिली नऊ लेणी एकामागून एक क्रमाने पाहण्याचा हट्ट, अभ्यासकाचा अपवाद वगळता, सोडून द्यावा. क्रमांक पूर्ण करण्याच्या नादात बत्तिसावे लेणे सोडणारा पर्यटक तोट्यात जातो.

अजिंठ्याला पोहोचल्यावर

अजिंठ्याला खासगी गाड्या थेट लेण्यांपर्यंत जात नाहीत. फर्दापूरजवळच्या फाट्यावर गाडी उभी करावी लागते आणि तिथून सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. या बसचे भाडे लेण्यांच्या तिकिटापेक्षा वेगळे आहे, म्हणून थोडे सुटे पैसे जवळ असावेत. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे वाहकाला विचारावे आणि आपली परत फिरण्याची वेळ त्याआधी निदान अर्धा तास धरावी. फाट्यावर दुकानांची रांग ओलांडूनच बसपर्यंत जावे लागते. तिथे जाताना काहीही घेऊ नये, कारण घेतलेले ओझे लेण्यांच्या पायऱ्यांवर आपल्यालाच वाहावे लागते.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ही लेणी कोरलेली आहेत आणि क्रमांक एका टोकापासून सुरू होतात. बसमधून उतरलेला प्रत्येक गट आधी पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात जातो. पद्मपाणीचे प्रसिद्ध चित्र पहिल्याच लेण्यात असल्यामुळे सकाळी तिथे दाटी होते, आत एका वेळी मोजकेच लोक सोडतात आणि मागच्यांच्या घाईमुळे चित्र धड पाहता येत नाही. पहिल्या बसने पोहोचला असाल तर पहिल्या लेण्यापासून सुरुवात करा. दहा-साडेदहानंतर पोहोचला असाल तर सरळ पुढे चालत जावे, सोळा, सतरा आणि एकोणीस पाहून सव्विसाव्या लेण्यातील सुमारे सात मीटर लांबीच्या, पहुडलेल्या बुद्धाच्या महापरिनिर्वाण मूर्तीपर्यंत जावे आणि पहिली दोन लेणी परत येताना पाहावीत. चित्रांसाठी सतरावे लेणे कोणत्याही परिस्थितीत वगळू नये. मला स्वतःला ते पहिल्यापेक्षा अधिक समृद्ध वाटते.

आत शिरल्यावर लगेच चित्र दिसत नाही म्हणून निराश होऊन बाहेर येणारे बरेच असतात. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्यांना सरावायला काही मिनिटे लागतात, तेवढी शांतपणे उभे राहून द्यावीत. फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून बंदांचे बूट घालून जाऊ नये, आणि उन्हाळ्यात मोजे घालावेत, कारण बाहेरचा दगड तापलेला असतो. दहाव्या लेण्यात थोडे थांबण्यासारखे आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला झाडीतून जे लेणे दिसले ते हेच, आणि त्याने तिथल्या खांबावर आपले नाव कोरले. अशी नावे कोरणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे पुढे फार जोमाने चालली, पण तो वेगळा विषय आहे.

बरोबरच्या ज्येष्ठांना पायऱ्या जमणार नसतील तर डोली मिळते. डोली घ्यायची की नाही हे अर्ध्या वाटेवर दम लागल्यावर ठरवण्यापेक्षा खालीच ठरवावे. दर, जायची शेवटची जागा, थांबण्याचा वेळ आणि परतीचा प्रवास त्यात धरलेला आहे का, हे उचलण्याआधी बोलून घ्यावे. डोली घेण्यात कमीपणा वाटणाऱ्या आजोबांना समजावण्याचे काम नातवंडांवर सोपवावे. ते मुलासुनेला जमत नाही.

माहिती कोणाला आणि कशी विचारावी

पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विचारला की उत्तरात यादी मिळते, आणि यादी तर आपल्याकडे आधीपासून असतेच. त्याऐवजी नेमका आणि आजचा प्रश्न विचारावा. कालच्या पावसानंतर किल्ल्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत का, सिल्लोडच्या पुढे रस्त्याचे काम चालू आहे का, या वेळी परत निघालो तर शहरात शिरताना वाहतूक कोंडी लागेल का, अशा प्रश्नांची उत्तरे हॉटेलचा व्यवस्थापक, एसटीचा वाहक किंवा समोरून परत येणारे पर्यटक अचूक देतात. रस्त्याविषयी गाडीचालकाइतका जाणकार दुसरा नाही. दुकानांविषयी मात्र त्याचा सल्ला जपून घ्यावा, कारण गिऱ्हाईक आणल्याबद्दल त्याला दलाली मिळण्याची पद्धत पर्यटनाच्या गावांत सर्वत्र आहे. कोणत्याही दुकानात थांबायचे नाही, हे सकाळी निघतानाच हसून सांगितले की दिवसभर दोघांनाही अवघडल्यासारखे होत नाही.

इंटरनेटवरील अभिप्राय वाचताना तारीख पाहावी आणि मतांपेक्षा वस्तुस्थिती शोधावी. एखाद्याला वेरूळ कंटाळवाणे वाटले याला आपल्या लेखी महत्त्व नाही, पण गेल्या आठवड्यात अमुक लेणे डागडुजीसाठी बंद होते, हे वाक्य आपला दिवस वाचवू शकते. शोध घेताना शहराचे जुने आणि नवे अशी दोन्ही नावे टाकून पाहावीत, कारण जुन्या नोंदी औरंगाबाद या नावाखालीच सापडतात. अधिकृत गाइड घ्यायचा असल्यास त्याचे ओळखपत्र पाहावे, आणि एकाच दिवशी पैसे खर्च करायचे असतील तर ते अजिंठ्याला करावेत: जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, सांगणारा कोणी बरोबर नसेल तर भिंतीवर नुसती माणसांची गर्दी दिसते. वेरूळची शिल्पे, निदान रामायण आणि शिवपुराण ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला, बऱ्याच अंशी स्वतः ओळखता येतात.

जेवण आणि खरेदी

जेवणाविषयी एकच नियम पुरेसा आहे: भूक लागण्याच्या अर्धा तास आधी जागा ठरवावी. अजिंठ्याला फाट्यावर आणि लेण्यांपाशी मिळून पर्याय मोजके आहेत, म्हणून सोबत दशम्या किंवा पराठे असलेले चांगले. शहरातील नान-खलिया, म्हणजे नानबरोबरचा मटणाचा रस्सा, खायचा असेल तर तो रात्रीसाठी राखून ठेवावा, कारण तो खाऊन लेणी चढणे ही शिक्षा आहे.

खरेदीला मात्र घाई करू नये. पैठणी आणि हिमरू (रेशीम आणि सुती धाग्यांचे नक्षीदार कापड) या दोन्हींसाठी शहर प्रसिद्ध आहे आणि दोन्हींच्या नावाखाली यंत्रावरचा माल विकला जातो. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहावा. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच स्वच्छ दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत. मागच्या बाजूला सुटे धागे किंवा जाळी दिसली तर ती हातमागाची पारंपरिक पैठणी नव्हे, किंमत काहीही सांगितलेली असो. परतीचा रस्ता नाशिककडे असेल तर वैजापूरनंतर येवला लागते. तिथे मागावर विणकाम चाललेले पाहता येते, तुलना करता येते, आणि म्हणून शहरात पहिल्या दिवशी साडी घेण्याचे काहीच कारण उरत नाही. पुण्याकडे परतणाऱ्याने शहरातच घ्यावी, पण शेवटच्या दिवशी आणि गाडीचालकाशिवाय.

परतीचा मार्ग कधी बदलावा

बहुतेक लोक अजिंठ्याहून पुन्हा शंभर किलोमीटर मागे येतात, कारण हॉटेल तिथे आहे आणि सामानही तिथेच आहे. वास्तविक अजिंठ्यापासून जळगाव सुमारे साठ किलोमीटरवर आहे आणि जळगाव-भुसावळ मुंबईहून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर आहेत. विदर्भात, भोपाळ-दिल्लीकडे किंवा सुरतकडे जाणाऱ्याने आधी वेरूळ करावे, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडून सामानासह अजिंठ्याला जावे आणि संध्याकाळी जळगावला गाडी पकडावी. खासगी गाडी एकाच बाजूने घेतली तरी परतीचे भाडे बहुधा द्यावे लागते, ते या हिशेबात धरावे. एसटीने गेल्यास तो प्रश्न येत नाही, पण सामान लेण्यांच्या पायऱ्यांवर नेणे शक्य नसल्यामुळे ते कुठे ठेवता येईल याची चौकशी आधी करावी लागते. हा बदल मुक्कामावर पोहोचल्यावरही करता येतो, अट एवढीच की हॉटेलची दुसरी रात्र कोणत्या वेळेपर्यंत रद्द करता येते हे पहिल्या संध्याकाळी खोलीची चावी घेतानाच विचारलेले असावे.